नव्या बाजूच्या टीव्हीवरचं बारसं

मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनला आहे. राहायला वडगावला. सकाळच्या पुणे लोकलने येते, संध्याकाळच्या लोकलने परत जाते. हॉटेल फार मोठं नाही. रस्त्याला लागून जुनी इमारत आणि तिच्यामागे चढावर नंतर बांधलेली दुसरी. आम्ही त्यांना जुनी बाजू आणि नवी बाजू म्हणतो. मधे दगडी पायऱ्या आहेत. श्रावणात धुकं उतरलं की त्या पायऱ्यांवर समोरून येणारा माणूस दिसत नाही, नुसत्या चपला ऐकू येतात.

कॉम्प्युटरशी माझा संबंध बिलं काढण्यापुरता. एकदा इंटरनेट गेलं होतं तेव्हा मी राउटर बंद करून पुन्हा चालू केला आणि ते आलं. तेव्हापासून आमचे मालक सगळ्यांना सांगतात, "ते आमच्या मॅडमना कळतं." मला त्यातलं काही कळत नाही असं मी त्यांना स्पष्ट सांगून पाहिलं. त्यांना तो विनय वाटला.

सुट्ट्या जोडून आल्या होत्या, हॉटेल भरलेलं होतं. दुपारी नव्या बाजूच्या एका खोलीतून फोन आला. आदल्या दिवशी नाशिकहून आलेल्या आजी बोलत होत्या. आजी-आजोबा दोघंच आले होते. परदेशातल्या धाकट्या मुलाने त्यांच्यासाठी खोली घेतली होती.

"मॅडम, आमच्या टीव्हीवर कुणाचं तरी बारसं चाललंय."

"कुठल्या चॅनेलवर?"

"चॅनेल नाही हो. कुणाच्या तरी घरातलं आहे. एक बाई आमच्याकडे बघून हात हलवतेय. आम्ही काही लावलंच नव्हतं."

मी वर गेले. आजी म्हणत होत्या तसंच होतं. टीव्हीवर एका फ्लॅटमधला हॉल, झेंडूच्या माळा लावलेला पाळणा, गर्दी करून उभ्या असलेल्या बायका, आणि पाळण्यात एक गोरंपान, चिडलेलं बाळ. आजोबा पलंगाच्या काठावर पुढे वाकून बसले होते. मला बघून ते म्हणाले, "बसा, बसा. पाळण्याला दोरी बांधायची राहिलीय अजून, वेळ आहे."

मी बसले. काय करायचं ते मला सुचेना. आजींनी मला हळूच बाहेर व्हरांड्यात नेलं.

"यांच्या आता लक्षात राहत नाही काही," त्या म्हणाल्या. "सकाळी मलाच विचारत होते, तुम्ही कुणाकडच्या म्हणून. कालपासून नुसते खोलीत येरझारा घालतायत, घरी चला म्हणतायत. हे लागलं आणि शांत बसले. आमच्या धाकट्याचं बारसं आहे म्हणतात."

"बंद करू का?"

"करायलाच हवं ना. दुसऱ्याच्या घरचं आहे." पण हातातला रिमोट त्यांनी मला दिला नाही. थोड्या वेळाने ते आपोआपच संपलं आणि टीव्हीवर डोंगराचं चित्र आलं. आजोबा त्या डोंगराकडेही बराच वेळ बघत राहिले.

खाली येऊन मी आमचं नेटवर्क बघणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला. त्याला लगेच उलगडा झाला. आमच्या सगळ्या खोल्यांतले टीव्ही एकाच कंपनीचे आणि एकाच नावाचे. जुन्या बाजूच्या कुणी तरी मोबाइलवरचा व्हिडिओ आपल्या टीव्हीवर टाकायला गेलं आणि यादीतला दुसराच टीव्ही निवडला.

"पण टीव्ही तर वेगळ्या इमारतीत आहे," मी म्हणाले.

"इमारत वेगळी असली तरी नेटवर्क एकच आहे ना, मॅडम. सगळे एका खोलीत बसल्यासारखे आहेत. कुणीही कुणालाही हाक मारू शकतो."

मी मालकांना कळवलं. ते घाबरले. "आज बारसं लागलं. उद्या कुणाच्या खोलीत भलतंच काही लागलं तर? उद्याच्या उद्या करून घ्या."

इंजिनिअरने दोन्ही इमारतींत नवे स्विच आधीच बसवून ठेवले होते. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे, सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती हिरव्या दिव्यांची पेटी. एक रिसेप्शनच्या मागच्या कपाटात, दुसरी नव्या बाजूच्या जिन्याखाली. उरलेलं काम करायला तो दुसऱ्या दिवशी पुण्याहून निघाला आणि तळेगावच्या पुढे गाड्यांच्या रांगेत अडकला. पुढे सरकायला तयार नव्हतं काही. शेवटी तिथूनच तो म्हणाला, "मॅडम, मी फोनवर सांगतो, तुम्ही करा. लांबून मी एकट्याने केलं आणि मधेच लिंक तुटली तर तिथे हात लावायला कुणी नको का?"

त्याने काम समजावलं. दोन इमारतींच्या मधून दोन वायरी गेलेल्या होत्या, पण चालू एकच होती. दुसरी जोडली की सगळंच बंद पडायचं, म्हणून ती नुसतीच लोंबत ठेवलेली. आता दोन्ही वायरींचा गट करायचा, म्हणजे त्या एका जाड वायरीसारख्या चालतील आणि नव्या बाजूचं इंटरनेट रखडणार नाही. आणि ऑफिस, जुन्या बाजूचे पाहुणे, नव्या बाजूचे पाहुणे असे तीन वेगळे व्हीलॅन करायचे. दहा, वीस, तीस.

"व्हीलॅन म्हणजे?"

"वायरी त्याच, पेटी तीच, पण आतून भिंती. वीसमधला तीसमधल्याला दिसत नाही."

"मग भिंत कुठे असते?"

"कुठे नसते, मॅडम. सेटिंगमध्ये असते."

मी हो म्हटलं. त्या दिवशी मी न कळता किती वेळा हो म्हटलं ते सांगता येणार नाही.

लॅपटॉपवर मी दोन्ही स्विचची पानं शेजारीशेजारी उघडली. दोन्ही पानं हुबेहूब सारखी. निळी पट्टी, डावीकडे यादी, मधे चौकोनी खिडक्यांसारखे पोर्ट, म्हणजे वायरी घालायच्या भोकांची चित्रं. इंजिनिअरने बजावलं, "आधी लांबचा स्विच करायचा, मग जवळचा. उलटं केलंत तर लांबच्याशी संबंध तुटेल." मी नव्या बाजूचं पान समोर घेतलं. मधेच एक पाहुणा किल्ली मागायला आला. त्याला किल्ली देऊन मी परत बसले, शेवटचे दोन पोर्ट निवडले, गट केला आणि 'लागू करा' दाबलं. दुसरं पान गोल गोल फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

"काय झालं?" इंजिनिअर फोनवर विचारत होता.

"एक पान फिरतंय."

"कुठलं?"

मी वर लिहिलेला पत्ता वाचून दाखवला. फिरत होतं ते नव्या बाजूचं. मी जवळचाच आधी केला होता.

तेवढ्यात हाऊसकीपिंगच्या मावशी पायऱ्या उतरून आल्या. या मावशी वडगावच्या पलीकडच्या खेड्यातल्या, आमच्याकडे पहिल्यापासून आहेत. "ताई, नव्या बाजूची मानसं लय वराडत्यात. टीव्ही न्हाई, नेट न्हाई. तुमी काय क्येलं का?"

"केलं बहुतेक," मी म्हणाले.

"मग व्हईल का परत?"

"माहीत नाही, मावशी."

त्या म्हणाल्या, "मी सांगते त्यास्नी, काम चालू हाय म्हनून." आणि परत वर गेल्या.

लॅपटॉप पोटाशी धरून मी नव्या बाजूला गेले. जिन्याखालच्या कोनाड्यात इस्त्रीच्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसले आणि स्विचला सरळ वायर जोडली. फोन स्पीकरवर ठेवला. मागून तळेगावच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

तीन व्हीलॅन केले. कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा सभासद, ते भरत गेले. सभासद हा शब्द बघून मला जरा बरं वाटलं, तो मला पतसंस्थेमुळे ओळखीचा होता. पण इथे सभासद दोन प्रकारचे. टॅग, म्हणजे चिठ्ठी, असलेले आणि नसलेले. इंजिनिअर म्हणाला, "दोन इमारतींच्या मधल्या वायरीतून तिन्ही जातात, म्हणून तिथे प्रत्येकाला चिठ्ठी लावायची. टीव्हीला एकच मिळतं, त्याला चिठ्ठी नको, उलट चिठ्ठी लावली तर त्याला ते वाचताच येणार नाही." हे मला समजलं असं वाटलं. मधल्या वायरींचे दोन्ही पोर्ट मी नीट चिठ्ठी लावून तिन्हींचे सभासद केले. मग त्यांचा गट केला. आणि पान परत उघडलं तर ते दोन पोर्ट यादीत नव्हतेच.

"गेले," मी म्हणाले.

"कोण गेले?"

"शेवटचे दोन पोर्ट. मी आत्ताच भरले होते."

"ते आता वेगळे राहिले नाहीत, मॅडम. गटात गेले. यादीत खाली बघा, गट म्हणून नवीन नाव आलं असेल. त्याला सभासद करा."

"मग मी आधी भरलेलं कुठे गेलं?"

"ते धरायचं नाही."

खाली खरंच एक नवीन नाव आलेलं होतं आणि त्याच्यापुढे सगळं रिकामं. म्हणजे त्या दोघांनी एकेकट्याने मिळवलेलं काही मोजलं गेलं नव्हतं. मी गटाला परत तिन्हींचं सभासद केलं. मग टीव्हींचे पोर्ट तीस नंबरमध्ये टाकत गेले आणि त्या ओघात माझा लॅपटॉप ज्या पोर्टला जोडला होता तोही टाकला. लगेच माझंच पान बंद पडलं. वायर काढून शेजारच्या भोकात घातली, पुन्हा सुरुवात केली.

मी तशी बसलेली असताना आजी जिना उतरून आल्या. कोनाड्यात वाकून त्यांनी मला बघितलं.

"मुली, टीव्ही बंद पडलाय."

"हो आजी, काम चालू आहे. होईल."

"ते विचारतायत, माणसं कुठे गेली. मी म्हटलं, जेवायला बसलीत. मग आता पंगत उठली असेल, म्हणतात." आजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. "चालू झालं की तेच लागेल का?"

मी आजींना सांगू शकले नाही की ते पुन्हा लागू नये म्हणूनच मी इथे बसलेय. "बघते," एवढंच म्हटलं.

मग खाली जाऊन रिसेप्शनच्या स्विचवरही तेच सगळं भरून आले. दोन्ही वायरी जोडल्या तरी गट चालू होत नव्हता. दिवे लागायचे, संबंध मात्र नाही. इंजिनिअरने विचारलं, गटाचा प्रकार कुठला निवडला. त्यात एक साधा आणि एक दोन्ही टोकांनी आपसात बोलून ठरवणारा असे दोन होते. खालच्या स्विचवर मी कुठला दाबला होता ते मला आठवेना. मी पायऱ्या उतरून खाली गेले, बघितलं, बदलला, वर आले, इथलाही बदलला, मग वाटलं आधीचाच बरोबर होता, परत बदलला, एक वायर काढून घातली, सेव्ह केलं. आणि यातल्या कशाने तरी ते सुरू झालं. फिरणारं पान थांबलं. वरच्या मजल्यावरून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज आला.

"कशाने झालं?" इंजिनिअरने विचारलं.

"सगळं एकदम केलं मी."

"बरं. आता हात लावू नका," तो म्हणाला.

भिंतीचं त्याचं म्हणणं खरं होतं. मी दोनतीन खोल्यांत जाऊन बघितलं. जुन्या बाजूच्या मोबाइलला नव्या बाजूचा एकही टीव्ही दिसत नव्हता. मालकांना कळवलं, त्यांनी शाबासकी दिली. मग रिसेप्शनला बसून मी चहा घेतला, आणि तो चहा मला काही गोड लागला नाही.

बारशाचं कुटुंब कोणतं ते शोधायला वेळ लागला नाही. जुन्या बाजूला एवढं लहान बाळ एकाच जोडप्याकडे होतं. मी त्यांच्या खोलीशी गेले. नवऱ्याने दार उघडलं. झालेला प्रकार मी सांगितला, माफी मागितली. तो चिडला आणि ते बरोबरच होतं. "म्हणजे आमच्या घरातलं सगळं दुसऱ्या खोलीत लोक बघत होते? आम्हाला वाटलं तुमचा टीव्हीच बिघडलाय."

"आता तसं होणार नाही. ते काम आजच केलंय," मी म्हणाले. तिथेच थांबून परत यायला हवं होतं. पण मी आजोबांचंही सांगितलं. का सांगितलं, मलाच कळलं नाही. त्यांच्याकडून मला काय हवं होतं, तेही मनात स्पष्ट नव्हतं.

आतून त्याची बायको बाळाला घेऊन पुढे आली. "म्हणजे त्यांना वाटलं, हा त्यांचा मुलगा?"

"हो."

थोड्या वेळाने मी रिसेप्शनला होते तेव्हा ती दोघं बाळाला टोपडं घालून पायऱ्यांकडे निघालेली दिसली. मी त्यांच्यामागे गेले.

आजोबा व्हरांड्यात शाल घेऊन बसले होते. तिने बाळ त्यांच्यासमोर धरलं. आजींनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, आता आजोबा त्याला जवळ घेतील. आजोबांनी बाळाकडे बघितलं, परक्याच्या मुलाकडे बघतात तसं सभ्यपणे हसले आणि म्हणाले, "गोड आहे. किती महिन्यांचा?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्याकडचं बारसं कधी सुरू होणार? मंडळी ताटकळलीत."

तो चिडलेला नवराच शेवटी म्हणाला, "काका, मी लावतो ना." त्याने खिशातून मोबाइल काढला, शोधलं, परत शोधलं. "तुमच्या खोलीचा टीव्ही दिसतच नाहीये."

"नाही दिसणार," मी म्हणाले. "मीच बंद केलंय."

जिन्याखाली गेले. या वेळी इंजिनिअरला फोन केला नाही. त्याने हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. त्या खोलीच्या वायरीवर नंबर चिकटवलेला होता. तो पोर्ट मी तीसमधून काढून वीसमध्ये टाकला, चिठ्ठी न लावता. वर जाऊन बघितलं तर टीव्हीला इंटरनेटच नाही. परत खाली. पोर्टचं सभासदत्व बदललं होतं, मग अडतंय कुठे? दुसरं काही सुचेना म्हणून खालच्या, रिसेप्शनच्या स्विचचं पान उघडलं आणि तिथला जुन्या बाजूचा चालू पोर्ट शेजारी ठेवून एकेक रकाना ताडून पाहिला. एका रकान्यात तिथे वीस होतं, माझ्याकडे अजून तीसच. जाणाऱ्यासाठी एक जागा आणि येणाऱ्यासाठी दुसरी, असं काहीतरी. मी वीस लिहिलं. खालूनच आजींना टीव्ही बंद करून पुन्हा लावायला सांगितलं.

वरून पाळण्याचं गाणं ऐकू आलं.

मी वर गेले तेव्हा ती सगळी खोलीत बसली होती. नवरा खुर्चीवर, त्याची बायको बाळाला मांडीवर घेऊन पलंगाच्या एका टोकाला, आजी दुसऱ्या टोकाला आणि मधे आजोबा. मावशीही दारात टॉवेलांचा ढीग घेऊन उभ्या होत्या. आजोबा पडद्यावरच्या माणसांची ओळख करून देत होते. ही माझी आत्या, ही शेजारची, हा लग्नात रुसला होता तो. एकही नातं खरं नव्हतं. बाळाची आई पडद्यावर आली तेव्हा ते म्हणाले, "ही आमची." आणि आजींकडे बघितलं. आजींनी मान हलवली. ती मुलगी शेजारीच बसलेली होती, तिनेही हलवली.

"पोराचं त्वांड चुलत्यावानी हाय," मावशी म्हणाल्या. कुठल्या चुलत्यासारखं, ते त्यांनी सांगितलं नाही. आजोबांनी "व्हय व्हय, बरोबर" म्हणून दाद दिली. आजी नंतर म्हणाल्या, ते गावाकडे असताना असं बोलायचे, कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी आजींना विचारलं, "हे बरं केलं का हो आपण? त्यांना खोटंच काहीतरी..."

"मला तरी कुठं ठाऊक," आजी म्हणाल्या. "काल रात्री ते झोपले नव्हते. आज झोपतील."

झोपले की नाही ते मी विचारलं नाही. निघायच्या दिवशी बाळाच्या बाबाने व्हिडिओ आजींच्या मोबाइलवर पाठवून दिला आणि नाशिकच्या घरी टीव्हीवर कसा लावायचा ते दाखवलं. आजींनी ते त्याच्याकडून परत परत करून घेतलं. आजोबा गाडीत आधीच जाऊन बसले होते. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी मला विचारलं, हे स्टेशन कुठलं. लोणावळा, मी सांगितलं. "मग चिक्की घ्यायला हवी," ते म्हणाले, आणि मी आत जाऊन एक पाकीट आणून दिलं.

रस्ते मोकळे झाल्यावर इंजिनिअर येऊन गेला. त्याने दोन्ही स्विच तपासले. गटाच्या दोन्ही वायरींवरून वाहतूक चालली होती, व्हीलॅनही ठीक होते. नव्या बाजूचा एक पोर्ट मात्र वीसमध्ये राहिलेला त्याला सापडला.

"हा चुकून गेलाय वाटतं."

"नाही, मीच टाकलाय," मी म्हणाले आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "येणाऱ्याचा नंबर पण बदललात? तुम्हाला कसं कळलं?"

मी त्याला खरं ते सांगितलं, की कळलं नव्हतं, शेजारचं बघून लिहिलं. मग त्याने कागदावर चौकोन आणि बाण काढून मला पुन्हा सगळं समजावलं. टॅग कुठे लागतो, कुठे निघतो, गट कसा बोलतो. तो बोलत होता तोवर सगळं पटत होतं. तो गेल्यावर मी एकटीने तो कागद समोर धरला, आणि कुठल्या बाणापासून सुरुवात करायची तेच मला कळेना.